ओळखीतला भाडेकरू

गोराईची म्हाडा वसाहत ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं आखली गेली. लोकांच्या हाती छोटे प्लॉट आले आणि ऐपतीप्रमाणे ज्यानं त्यानं घर वाढवलं. मुलं दूर गेली की वरची खोली रिकामी होते आणि तिथं कुणीतरी राहायला येतं. बहुधा ओळखीतलंच, गावाकडचा, नाहीतर कुणाचा तरी भाचा. ओळखीतला म्हणून करार नाही, फार तर नोटरीचा शिक्का मारलेला अकरा महिन्यांचा कागद.

सुरुवातीला पैसे वेळेवर येतात. मग ‘काका, पुढच्या महिन्यात एकदम देतो’ सुरू होतं. पुढं तो जिन्यावरून उतरताना काकाच नजर चुकवू लागतात. आपल्याच घरात असं चोरून वावरणं थकलेल्या भाड्यापेक्षा जास्त बोचतं. सोसायटीतले सल्ले तयारच असतात: कुलूप बदला, वरची लाइट तोडा, सामान बाहेर ठेवा.

घर माझं, मग कोर्टाची पायरी मी का चढू? राग रास्त आहे. पण ज्याला आपणच आत घेतलं, त्याला हाताला धरून बाहेर काढण्याची मुभा कायदा मालकालाही देत नाही. बेकायदा ताबा काढून घेतला, असं म्हणत समोरचा 6 महिन्यांच्या आत दावा लावू शकतो. 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 6. गोव्यात एका भावानं बहिणीविरुद्ध हेच कलम वापरलं. घर बहिणीचं, भाऊ देखरेखीला. उच्च न्यायालयापर्यंत भाऊच जिंकत गेला. देखरेखीसाठी किंवा फुकट राहणाऱ्याला कितीही वर्षांनी हक्क मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये बजावलं, तोवर भाऊ हयात नव्हता. खटला वारसांवर आला होता.

महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं खरं तर वाट सोपी केलीय. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल नोंदवला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते, खोटं ठरेपर्यंत, खरं. नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स असेल, तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि पुढं अडून राहिलेल्याला दुप्पट दरानं पैसे भरावे लागतात. नाहीतर लघुवाद न्यायालय आणि तारखा.

भाच्याकडे करार मागायला जीभ रेटत नाही, हे कळतं. पण परक्या भाडेकरूशी फक्त भाड्याचं भांडण होतं. भाच्याला काढायचं तर बहिणीचा फोन आधी येतो. करार खरा त्याच्याचसाठी हवा.

काकांकडे तो नाहीच. त्यांनी आता थकलेल्या हिशेबाचे मेसेज जपावेत आणि वकिलाची नोटीस पोस्टानं पाठवावी. घराचा पत्ता एकच असल्यानं पोस्टमन ती बहुधा काकांच्याच दारात आणून देईल.