साठ्याचा हिशेब आणि ठिकाणाचा विवेक

नील अर्थव्यवस्था या नावाने गेली काही वर्षे आपल्याकडे जी चर्चा चालू आहे, तीत दक्षिण ध्रुवाभोवतालच्या महासागराचा विषय निघाला की एक युक्तिवाद ठरल्यासारखा पुढे येतो. त्या हिमशीतल पाण्यात क्रिल नावाच्या, दिसावयास कोलंबीसारख्या, बोटभर लांबीच्या जीवाचा अफाट साठा आहे. साऱ्या जगाची जहाजे मिळून त्यातला शेकडा एक हिस्सा उचलतात. उरलेले नव्याण्णव हिस्से तसेच पडून राहतात. आणि असे असता भारताने हात बांधून बसावे हे कोणते शहाणपण, असा त्याचा मथितार्थ. हा युक्तिवाद मांडणाऱ्यांचे आकडे खोटे नाहीत. परंतु खऱ्या आकड्यांवरून काढलेला अयथार्थ निष्कर्ष खोट्या आकड्यांपेक्षा अधिक काळ टिकतो, आणि म्हणूनच समुद्रापासून शेकडो मैल आत, अमरावतीत राहूनही, त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते.

पूर्वेतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रथम सीलची कातडी, मग देवमाशांचे तेल, मग मासे, या क्रमाने माणसाने तो समुद्र उपसला. दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती १९६९-७० च्या एका हंगामात नोटोथेनिया जातीचा सुमारे ४ लाख टन मासा काढण्यात आला आणि तो साठा असा कोसळला की पुढे कित्येक दशके सावरला नाही. या अनुभवाच्या पोटी २० मे १९८० रोजी कॅनबेरा येथे जो करार झाला व ७ एप्रिल १९८२ पासून जो अमलात आला, त्याचे वैशिष्ट्य असे की संवर्धनात विवेकी उपयोगाचा अंतर्भाव करीत असतानाच, पकडल्या जाणाऱ्या जीवावर ज्यांचा निर्वाह चालतो अशा इतर जीवांशी असलेला त्याचा संबंध अबाधित राखण्याची अट तो त्याच कलमात घालतो. या कराराच्या होबार्ट येथील आयोगाचा भारत १९८६ पासून सभासद आहे. डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहूनच निघाली. १९९५-९६ साली 'सागर संपदा' हे जहाज खास क्रिलच्या अभ्यासासाठी दक्षिण महासागरात गेले. आणि आज वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र हे या साऱ्या कामाचे मुख्य ठाणे आहे. सारांश, हा विषय परक्यांचा म्हणून बाजूस सारता येण्याजोगा नाही.

आता आकड्यांकडे वळू. अटलांटिकच्या बाजूस असलेल्या ४८ क्रमांकाच्या क्षेत्रात, प्रतिध्वनियंत्रांच्या साहाय्याने २००० साली झालेल्या पाहणीवरून क्रिलचा साठा सुमारे ६ कोटी ३ लाख टन धरण्यात आला. २०१९ च्या पाहणीत तो ६ कोटी २६ लाख टन भरला. पहिल्या अंदाजावरून आयोगाने सावधगिरीची कमाल मर्यादा ५६ लाख १० हजार टन ठरविली. ती ठरविताना दोन कसोट्या लावण्यात आल्या: वीस वर्षांच्या अवधीत अंडी घालणारा साठा मूळच्या एक-पंचमांशाखाली जाण्याचा संभव दहात एकापेक्षा अधिक नसावा, आणि साठ्याचा तीन-चतुर्थांश भाग भक्षक प्राण्यांसाठी शिल्लक राहावा, दोहोंपैकी जी कडक ती ग्राह्य. इतके काटेकोर गणित मांडूनही आयोगाने प्रत्यक्षात जहाजांना ६ लाख २० हजार टनांच्याच रेषेवर थांबविले आहे. ही रेषा निरनिराळ्या उपक्षेत्रांत पूर्वी झालेल्या सर्वाधिक मासेमारीच्या बेरजेवरून आखलेली असून, मोठी मर्यादा लहान लहान टापूंत कशी वाटावी हे कळेपर्यंत तिच्यापलीकडे पाऊल टाकावयाचे नाही, असा तिचा अर्थ आहे. शेकडा एकाचा हवाला देणारे लोक या संकोचाला भित्रेपणा समजतात. त्यांच्या लेखी साठा म्हणजे खजिना, आणि खजिन्यातून कोठून मूठ उचलली याला महत्त्व नाही.

परंतु क्रिल महासागरात समप्रमाणात पसरलेला नसतो. त्याचे दाट थवे उतरत्या किनाऱ्यालगत, प्रवाहांच्या वळणांवर, ठराविक जागी जमतात. आणि पिलांना भरविणारी पेंग्विन पक्षीण उन्हाळ्याच्या त्या थोड्या आठवड्यांत आपल्या वसाहतीपासून काही दहा किलोमीटरांच्या आतच चारा शोधू शकते. जहाजांनाही नेमके तेच दाट थवे हवे असतात, कारण तेथेच जाळे लवकर भरते. म्हणून आयोगाच्या परिसंस्था-निरीक्षणाच्या कार्यक्रमात पक्षिणीच्या चाऱ्याच्या फेरीला किती वेळ लागतो, पिलू समुद्रात उतरते तेव्हा त्याचे वजन किती भरते, किती जोड्यांची वीण यशस्वी होते, अशा नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या जातात. कोट्यवधी टनांच्या बेरजेत ज्या गोष्टीचा मागमूस लागत नाही, ती एका पिलाच्या वजनात उमटते.

वऱ्हाडातील वाचकाला हे मर्म कळावयास ध्रुवावर जाण्याची गरज नाही. चिखलदऱ्याचा धुवाधार पाऊस आणि दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातील रखरखीत खंड यांची एकच सरासरी काढून जिल्ह्यात पाऊस समाधानकारक झाल्याचा शेरा दप्तरात पडला, तर दर्यापूरच्या कास्तकाराच्या वावरात त्यामुळे एक दाणाही अधिक पिकत नाही. म्हणूनच आपल्या महसूल-व्यवस्थेने पावसाची नोंद मंडळवार आणि पैसेवारी गावनिहाय ठेवण्याचा प्रघात पाडला. जो न्याय आपण कापसाला आणि तुरीला लावतो, तो समुद्राला लावू नये याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

यावर प्रतिपक्षाचा बळकट आक्षेप असा की शेत जागचे हलत नाही, क्रिल मात्र प्रवाहाबरोबर वाहत येतो. एका खाडीतून काढलेला दुसरीकडून भरून निघतो. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. भरून निघणे आणि वेळेवर भरून निघणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रवाहाला महिन्याची उसंत असेल. भुकेल्या पिलाला ती नाही. आणि भरून निघण्याचा वेग ठिकठिकाणी मोजल्यावाचून तो पुरेसा आहे असे गृहीत धरणे म्हणजे अज्ञानाचा फायदा जाळ्याच्या पदरात टाकणे होय. दुसरा आक्षेप, पेंग्विनांची घट हवामानामुळे आहे, मासेमारीमुळे नव्हे, हा. २०२० साली जॉर्ज वॉटर्स व त्यांचे सहकारी यांनी तीस वर्षांहून अधिक काळच्या नोंदी तपासून असे दाखविले की एखाद्या टापूतील क्रिलचा एक-दशांश वा अधिक भाग काढला गेला, तर पेंग्विनांवर दिसणारा परिणाम प्रतिकूल हवामानाच्या परिणामाइतकाच असतो. आणि हे साऱ्या क्षेत्राचे प्रमाण अल्प असतानाही घडू शकते. हवामान बिघडत असेल तर त्यावरून निष्पन्न होते ते एवढेच की त्याच ठिकाणी, त्याच वेळी दुसरा भार टाकण्याची सवलत आपल्याला उरलेली नाही.

हा सिद्धान्त आयोगाला नवा नव्हता. २००९ पासून ६ लाख २० हजारांची ती रेषा उपक्षेत्रवार वाटलेली होती. अंटार्क्टिक द्वीपकल्पाभोवतीच्या उपक्षेत्रात शेकडा २५ हून, म्हणजे १ लाख ५५ हजार टनांहून अधिक काढण्यास मज्जाव होता. २०२४ च्या बैठकीत सर्वसंमती न झाल्याने ही वाटणी रद्दबातल झाली, आणि लगेच पुढच्याच हंगामात, २०२५ च्या ऑगस्टात, एकूण रेषा इतिहासात प्रथमच गाठली जाऊन मासेमारी मुदतीपूर्वी बंद करावी लागली. बेरजेची मर्यादा पाळली गेली, हे खरे. परंतु जिच्यासाठी ती आखली गेली होती ती ठिकाणाची मर्यादा तेव्हा अस्तित्वातच नव्हती, आणि हे पालन कशाचे रक्षण करून गेले हे मला कोणी सांगावे.

सारा महासागरच कायमचा बंद करा म्हणणारे कराराचे कलम वाचत नाहीत. आणि आपले निशाण तेथे फडकले पाहिजे एवढ्याचसाठी जहाजे पाठवू म्हणणाऱ्यांशी वाद घालण्याजोगे काही नाही.

माझे म्हणणे अखेर एका भेदावर येऊन ठेपते. किती आहे, हा साठ्याचा प्रश्न. कोठे, केव्हा आणि कोणाच्या तोंडचे, हा ठिकाणाचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर कितीही अचूक असले तरी त्यातून दुसऱ्याचे उत्तर निघत नाही, आणि मासेमारीचा परवाना देताना निर्णायक असतो तो दुसरा. पहिला प्रश्न दहा-वीस वर्षांतून एकदा जहाज पाठवून सुटू शकतो. दुसऱ्यासाठी त्याच खडकावर, त्याच महिन्यांत, वर्षानुवर्षे माणसे ठेवावी लागतात. ते काम नीरस आहे, त्याच्या बातम्या होत नाहीत, आणि म्हणूनच ते राष्ट्राच्या गांभीर्याची खरी परीक्षा आहे.

भारताला या परीक्षेस बसण्याची संधी घरबसल्या आहे. लार्समन टेकड्यांवरील आपले 'भारती' हे केंद्र २०१२ पासून प्रिड्झ उपसागराच्या काठी उभे आहे. त्या किनाऱ्यावर अॅडेली पेंग्विनांच्या वसाहती आहेत आणि समोरच्या पाण्यासाठीही आयोगाने क्रिलची मर्यादा कागदोपत्री ठरवून ठेवली आहे. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्र येथील संरक्षित सागरी क्षेत्रांच्या प्रस्तावांना २०२१ मध्ये आपण पाठिंबा दिला, हे योग्यच झाले. त्यापुढचे पाऊल म्हणजे 'भारती'समोरच्या पाण्याची व पक्ष्यांची अखंड पाहणी सुरू ठेवून तिच्या नोंदी होबार्टच्या दप्तरी दाखल करणे, आणि रद्द झालेली उपक्षेत्रवार वाटणी पुन्हा अमलात यावी म्हणून तेथे आग्रह धरणे. ज्या पाण्याची अशी पाहणी आपण केलेली नाही, त्यातला साठा कितीही मोठा असो, त्यावर जाळे टाकण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होत नाही, असे माझे निश्चित मत आहे. आणि हा नियम भारताने इतरांना सांगण्यापूर्वी स्वतःला लावून घेतला, तरच सर्वसंमतीने चालणाऱ्या त्या आयोगात त्याच्या शब्दाला वजन येईल.