एक घनमीटर हवा

जिथे थोडा वारा लागतो अशा जागी बसा. खिडकीशी, ओट्यावर, गच्चीत, कुठेही. डावा तळहात उताणा करून मांडीवर ठेवा आणि त्याच्याकडे नुसतं पाहा.

तळहात रिकामा दिसतो. पण त्याच्यावर आभाळाच्या शेवटापर्यंत हवेचा खांब उभा आहे आणि त्या खांबाला वजन आहे. समुद्रसपाटीजवळ दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. म्हणजे बोटं सोडून एवढ्याशा तळव्यावर या घटकेला ऐंशीएक किलो हवा आहे. हात दबत नाही, कारण हवा खालूनही तेवढ्याच जोराने वर रेटते, आणि आपल्या अंगातले द्रवही आतून तोच दाब परत देत असतात. जन्मापासून हे ओझं अंगावर असल्यामुळे ते कधी जाणवलंच नाही. आज थोडा वेळ ते जाणवू द्या.

आता एक सावकाश श्वास घ्या आणि मोकळा सोडा. आत गेलेल्या हवेतला ओलावा बाजूला ठेवला, तर उरतो 78 टक्के नायट्रोजन, 21 टक्के ऑक्सिजन, एक टक्क्याहून जरासा कमी आर्गॉन आणि बाकी किरकोळ वायू. हे प्रमाण रत्नागिरीत तेच, नागपुरात तेच, लेहच्या उंचीवरही तेच. ठिकाणागणिक आणि तासागणिक बदलतं ते फक्त पाण्याचं बाष्प. कुठे नावापुरतं, कुठे तीन-चार टक्के. ढग, धुकं, दव, गारा, वळीव आणि आषाढाची झड हे सगळं या बदलत्या हिश्श्याचं काम आहे. मनन करायचं ते त्याच्यावर.

डोळे मिटा आणि हवेचा एक ठोकळा मनात धरा. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी एक मीटर. वजन सव्वा किलोच्या आत-बाहेर. हा ठोकळा जूनअखेरच्या एखाद्या दुपारी हर्णैच्या किनाऱ्यावर ठेवा. तापमान 29 अंश, आर्द्रता भरपूर. त्यात साधारण 24 ग्रॅम पाणी आहे, पण डोळ्यांना दिसत नाही, कारण ते वायुरूपात आहे.

हे पाणी हर्णैचं नाही. दक्षिण हिंदी महासागरावरून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो, सोमालियाच्या किनाऱ्याला घासून अरबी समुद्रावर येतो आणि नैर्ऋत्येकडून आपल्या दारात उभा राहतो. वाटेत ऊन समुद्राचं पाणी उचलून त्याच्या हवाली करत असतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 25 लाख ज्यूल उष्णता लागते. ती उष्णता नाहीशी होत नाही. बाष्प ती स्वतःत लपवून चालतं आणि थर्मामीटरला तिचा पत्ता लागत नाही. पुस्तकात तिला अप्रकट उष्णता म्हणतात. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

किनाऱ्यावर क्षणभर थांबू. पावसाआधीचा तो उकाडा आठवतो? अंगाला चिकटणारी, जड वाटणारी हवा? खरं तर ओली हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याचा रेणू नायट्रोजनच्या आणि ऑक्सिजनच्या रेणूहून हलका आहे, आणि तो हवेत शिरला की त्या जडांना जागा सोडावी लागते. जडपणा आपल्या शरीरात असतो. भोवतालची हवा बाष्पाने भरत आलेली असल्यामुळे घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर जायला वाट मिळत नाही. पुढच्या वेळी घामाने जीव नकोसा झाला की हे स्वतःशी म्हणून पाहा: हवा जड झालेली नाही, ती वर जायच्या तयारीत आहे.

आता ठोकळ्याला पूर्वेकडे जाऊ द्या. खेडवरून, पोलादपूरच्या बाजूने, सह्याद्रीच्या पायथ्याशी. समोर भिंत उभी आहे. मागून वारा रेटतो आहे आणि पुढे डोंगर, तेव्हा हवेला वर चढण्यावाचून मार्ग उरत नाही. आंबेनळी घाटाची वळणं ज्यांनी पाहिली असतील त्यांनी तीच चढण मनाने चढावी, अगदी सावकाश.

चढताना हवेचं काय होतं ते नीट पाहा, कारण सगळं मर्म इथे आहे. वर गेलं की डोक्यावरची हवा कमी, म्हणजे दाब कमी. दाब कमी झाला की ठोकळा फुगतो. फुगायचं म्हणजे भोवतालच्या हवेला ढकलायचं, आणि ढकलायला ऊर्जा लागते. ती ऊर्जा हवा कुठून आणणार? स्वतःच्या उष्णतेतून. म्हणून ती गार होते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, त्याच्या अगदी उलट. बाहेरून कोणी गारवा आणलेला नाही. डोंगराने हवेची उष्णता काढून घेतलेली नाही. नुसत्या फुगण्याने ती दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंश उतरते.

गार हवेत बाष्प कमी मावतं. 30 अंशांच्या एका घनमीटर हवेत 30 ग्रॅमपर्यंत बाष्प राहू शकतं, 20 अंशांच्या हवेत जेमतेम 17. आपला ठोकळा साडेतीनशे मीटर चढला की त्याची मर्यादा गाठली जाते. घाटात अर्ध्या वाटेवर, कधी त्याच्याही आधी, गाडी एकदम ढगात शिरते ती याच उंचीच्या आसपास.

पण बाष्पालाही जमायला काहीतरी आधार लागतो. अगदी निर्मळ हवेत मर्यादा कितीतरी ओलांडली तरी थेंब धरत नाही. आधार देतात समुद्राच्या लाटांतून उडालेले मिठाचे कण, धूळ, धूर. एकेका कणाभोवती पाणी जमतं आणि मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा थेंब होतो. हा पाऊस नव्हे. तो सेकंदाला सेंटिमीटरभर उतरतो आणि वर येणारी हवा त्याला सहज तोलून धरते. असे दहा लाख थेंब एकमेकांवर आदळून एक झाले, तर तुमच्या हातावर पडणारा दोन मिलिमीटरचा एक थेंब तयार होतो. थोडं थांबा इथे. एका थेंबात दहा लाख थेंब, आणि मुळाशी कुठल्या तरी लाटेचं मीठ.

आता ती लपलेली उष्णता आठवा. बाष्पाचं पाणी झालं की ती मोकळी होते. हवा चढते आहे, गारही होते आहे, पण आतून तिला ऊब मिळू लागली आहे. कोरडी हवा किलोमीटरभर चढून दहा अंश गार झाली असती, ही ओली हवा चार अंशच होते. दूरच्या समुद्रावर पडलेलं ऊन प्रतापगडाच्या पश्चिमेला ढगाच्या पोटात परत उष्णता होतं. चढणाऱ्या ढगाला जोर येतो तो इथून.

ठोकळा महाबळेश्वरला पोचला, साडेतेराशे मीटरवर. त्याच्या 24 ग्रॅम बाष्पापैकी किती पाणी झालं? सुमारे तीन ग्रॅम. चमचाभरही नाही. पण ठोकळा एकटा नाही. एक मीटर रुंद आणि एक किलोमीटर उंच अशी हवेची पट्टी सेकंदाला दहा मीटर वेगाने घाट चढते आहे असं धरा. म्हणजे दर सेकंदाला दहा हजार ठोकळे, तीस किलो पाणी. ते सगळंच्या सगळं वीस किलोमीटरच्या उतारावर पडलं, तर चोवीस तासांत 130 मिलिमीटर पाऊस होतो. हिशेब ढोबळ आहे, पण ऐन आषाढात घाटमाथ्यावर एका दिवसात एवढा पाऊस नवलाचा नसतो. महाबळेश्वरचा वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरातला. तीन-तीन ग्रॅम करून.

आणि आता घाट उतरू. पाचगणी, वाई, मग आणखी पूर्वेला माण तालुका. महाबळेश्वरपासून माणमधली दहिवडी सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, आणि तिथला वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. उतरताना हवा दाबली जाते, तापते. ढगातले उरलेसुरले थेंब परत बाष्प होऊन दिसेनासे होतात. म्हणून महाबळेश्वरच्या धुक्यातून निघून पसरणी घाट उतरावा, तर वाईत उजेड असतो.

शाळेत पर्जन्यछायेचा धडा शिकवताना सांगतात की वारे डोंगरावर सगळा पाऊस पाडून रिकामे होतात. हे मला मान्य नाही. आपल्या ठोकळ्यातले तीन ग्रॅम गेले, एकवीस तसेच आहेत. पावसाळ्यात माणच्या कोरड्या रानावरून, मान वर करून आभाळाकडे पाहणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून, दिवसच्या दिवस पाणी वाहून जात असतं. ते नसतं म्हणून पाऊस पडत नाही असं नाही. त्या हवेला चढण नसते.

या एका गोष्टीवर थोडा वेळ मन स्थिर ठेवा. पाऊस पाण्याने पडतो एवढंच आपण धरून बसतो, पण तो चढण्याने पडतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच मुंबईत कुलाब्याला सुमारे 74. समुद्र तोच, वारा तोच, शहर तेच. एका भागावर हवा वेगाने आणि सतत वर चढत राहिली, दुसऱ्यावर नाही. तेवढ्या फरकाने शेकडो माणसं गेली.

माणलाही पाऊस येतो, पण दुसऱ्या चढणीने. नैर्ऋत्य वारे ओसरले, भादव्यात ऊन तापलं की जमीनच हवेला खालून तापवून वर पाठवते, उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांच्या दिवसांत. दुपारी पूर्वेकडे ढग उभे राहतात, विजा कडाडतात, संध्याकाळी तासभर धो धो कोसळतं आणि रात्री आभाळ मोकळं. दुष्काळी पट्ट्यात अनेक ठिकाणी सगळ्यांत जास्त पावसाचा महिना जुलै नसतो, सप्टेंबर असतो. शाळू पेरायचा की नाही ते या पावसावर ठरतं. हस्ताच्या या पावसाची ‘हत्तीचा पाऊस’ म्हणून वाट पाहणाऱ्यांना हवेच्या चढण्याचं शास्त्र कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याची वेळ आणि दिशा त्यांना पक्की ठाऊक होती.

आता सगळ्या पृथ्वीवरचीच हवा तापत चालली आहे. एक अंशाने तापलेली हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. चढण मिळाली तर ती पूर्वीपेक्षा जास्त देणार आणि नाही मिळाली तर जमिनीतली ओल जास्त ओढून नेणार. घाटमाथ्याला आणि माणला, दोघांनाही हे कठीण जाणार आहे. याची मला काळजी वाटते.

डोळे उघडा. तळहात अजून तिथेच आहे, त्याच्यावरचे ऐंशी किलोही. उद्या सकाळी साडेआठला ठिकठिकाणच्या पर्जन्यमापकांतलं पाणी मोजलं जाईल आणि आकडे जाहीर होतील. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. आकडे वाचताना मोठ्या आकड्याशीच थांबू नका. त्याच्या पूर्वेला असलेल्या गावाचा आकडाही शोधा, दोन्ही शेजारी ठेवा आणि मधला डोंगर नकाशावर बोटाने चढून उतरा.