न सांगता दिलेले औषध



चाकणहून तळेगावकडे जाताना भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर एक जाहिरात आपण सर्वांनी वाचली असेल : न सांगता दारू सोडवा. खाली मोबाईल नंबर. उपवासकाळात एका रविवारी आपल्यातील एका भगिनीने मिस्सानंतर व्हरांड्यात आम्हाला थांबवले. (हे पापनिवेदनातील नव्हे, आणि त्यांची परवानगी घेऊनच लिहीत आहोत.) त्यांचा प्रश्न सरळ होता. "फादर, त्यांच्या आमटीत गोळी कुटून घातली, तर पाप लागेल का?"

त्यांचे यजमान ठेकेदाराकडे कामाला आहेत. क्रुसासमोर चार वेळा शपथ घेऊन झाली. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण तेथे खोकला-तापाच्या पलीकडे कोणी विचारत नाही. येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या त्या केंद्रात पाच आठवडे राहावे लागते, आणि ठेक्यावरच्या माणसाने पाच आठवडे दांडी मारली की गेटपास गेलाच समजा. आम्ही पटकन "हो, घाला" म्हणणार होतो, हे कबूल करतो.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. तो म्हणतो, फेकलेला दगड परत बोलावता येत नाही. पण फेकणे न फेकणे तर तुझ्या हाती होते! म्हणून व्यसनी माणूसही जबाबदारच. आपल्या वाडीवस्तीवरही हेच ऐकू येते : मनात आणलं तर उद्या सोडेल. डॉक्टर मात्र याला आजार म्हणतात. आजारच असेल, इच्छाशक्ती संपलीच असेल, तर लहान मुलाला मधातून औषध देतो तसे द्यायला हरकत काय?

आम्हाला वाटते, दगड गेला तरी हात शिल्लक असतो. दुसरा ग्लास पुढे आल्यावर त्या माणसाला थांबता येत नाही, हे खरे. पण पहाटे, पहिल्या शिफ्टच्या आधी, तो शुद्धीवर असतो. दवाखान्याच्या बसमध्ये बसायचे की नाही एवढे तेव्हा त्याला ठरवता येते. तेवढेच त्याचे उरले आहे. चोरून गोळी देणारा तेवढेही काढून घेतो.

आणि येथे वैद्यकशास्त्र नीतिशास्त्राच्या मदतीला येते. डायसल्फिराम या गोळीने दारू पचवण्याची क्रिया अर्ध्यावर अडते आणि शरीरात विषारी द्रव्य साचते. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित प्राणही जातो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला हे ठाऊक आहे तो पीत नाही. औषधाचा सगळा गुण त्या ठाऊक असण्यात आहे. ज्याला ठाऊक नाही तो नेहमीप्रमाणे पितो. मग ते औषध राहते कुठे? भिंतीवरच्या जाहिरातीतील पुड्यांत तर काय असते, देव जाणे.

शपथेबद्दलही आम्ही शिकलो, आणि उशिरा शिकलो. पूर्वीच्या धर्मग्रामात रोज पिणाऱ्या एका बंधूंना आम्ही "आजपासून एक थेंब नाही" अशी शपथ दिली. तिसऱ्या दिवशी त्यांना झटके आले, ते भ्रमात बडबडू लागले. टेम्पोतून रुग्णालयात नेले म्हणून वाचले. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की असे होऊ शकते. सुरुवातीचे काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्व द्यावे लागते. क्रुसाखाली उभे राहून आम्ही हे विचारलेच नव्हते.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून राहिलेल्या माणसाला प्रभू येशूने आधी विचारले, तुला बरे व्हायचे आहे का? त्याने "हो" म्हटले नाही. मला तळ्यात सोडायला कोणी नाही, अशी तक्रार केली. पुष्कळांचे उत्तर आज तेच आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ'ने तालुक्याच्या गावी व्यसन-उपचाराचे दवाखाने चालवले. येथे एवढे कारखाने असून आपण खांबावरचा नंबर वाचतो.

अमेरिकेतील ॲक्रन शहरी १९३९ साली सिस्टर इग्नेशिया यांनी एका दारुड्याला रुग्णालयात घेतले. दारुड्यांना खाट देत नसत, म्हणून नोंदवहीत 'पोटाचा विकार' असे लिहिले. खोटेच की! पण ते नोंदवहीशी होते. रोग्याला आपण कशासाठी आलो हे ठाऊक होते.

आम्ही हे सांगितल्यावर ती भगिनी म्हणाली, "विचारा म्हणता, पण मी विचारलं तर मार मिळतो." हे आमच्या लक्षातच आले नव्हते. विचारण्याचे ओझेही तिच्यावर टाकायचे नाही, असे ठरले. गेल्या बुधवारी पहाटे साडेपाचला, कंपनीची बस येण्यापूर्वी, आम्हीच त्या बंधूंना विचारले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "येतो. पण गेटपासचं काय?"

सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे दोन सभासद सोमवारी ठेकेदाराला भेटणार आहेत.