शेवट ठाऊक नसलेले काम

एखादे काम करण्याजोगे आहे की नाही, हे ठरविण्याची आपली रीत साधी आहे. त्यातून काय निष्पन्न होईल, ते आपण पाहतो. शेतकरी पिकाकडे पाहतो, व्यापारी नफ्याकडे, विद्यार्थी परीक्षेकडे. ज्या कामाचे फळ उशिरा मिळते त्याचेही समर्थन आपल्याला करता येते. उतारवयात आंब्याची कोय लावणाऱ्या माणसाला आपण वेडा म्हणत नाही. नातवंडे फळे खातील, एवढ्या भरवशावर त्याचे श्रम सार्थ ठरतात. पण त्या कोयीतून झाड येईलच असे नसेल, आणि ते कधीच येणार नाही हेही कोणाला कळण्याची सोय नसेल, तर? अशा कामाला शहाण्या माणसाने आपल्या आयुष्यातील वर्षे द्यावीत काय? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका लहानशा, किंबहुना पोरकट वाटणाऱ्या उदाहरणाच्या आधारे करणार आहोत. उदाहरण आकड्यांचे आहे. परंतु वाचकांनी दचकू नये. ते समजण्यास बेरीज आणि भागाकार यांपलीकडे काही लागत नाही.

कोणतीही एक संख्या घ्यावी. तिला निःशेष भाग देणाऱ्या, पण तिच्याहून लहान, अशा सर्व संख्यांची बेरीज करावी. जी बेरीज येईल तिला पुन्हा तोच नियम लावावा. १२ ला १, २, ३, ४ आणि ६ यांनी भाग जातो. त्यांची बेरीज १६. १६ वरून १५, १५ वरून ९, मग ४, मग ३, मग १. आणि १ ला स्वतःहून लहान भाजकच नसल्यामुळे साखळी तेथे संपते. ६ ची गंमत अशी की तिच्या भाजकांची बेरीज ६ हीच येते. अशा संख्येला परिपूर्ण संख्या म्हणतात. २२० वरून आपण २८४ वर जातो आणि २८४ वरून परत २२० वर. या दोघी एकमेकींच्या घरी येत-जात राहतात, म्हणून त्यांना मित्रसंख्या हे नाव मिळाले. १८८८ साली युजेन कातालान यांनी असे अनुमान मांडले की, अशी प्रत्येक साखळी शेवटी कोठेतरी थांबते. पुढे १९१३ मध्ये लेनर्ड डिक्सन यांनी त्याला सुधारून रूप दिले: साखळी १ पर्यंत उतरेल, किंवा परिपूर्ण संख्येवर स्थिरावेल, किंवा एखाद्या वर्तुळात फिरत राहील, पण ती अनंतापर्यंत चढत जाणार नाही. हे अनुमान खरे की खोटे, याचा निर्णय आजतागायत लागलेला नाही.

निर्णय न लागण्याचे कारण साखळ्यांच्या स्वभावात आहे. १३८ ही दिसायला गरीब संख्या. पण तिची साखळी १,७९,९३,१८,९५,३२२ इतक्या उंचीवर जाऊन येते आणि १७७ पायऱ्यांनंतर १ वर टेकते. २७६ पासून निघालो तर ३९६, ६९६, ११०४, १८७२, ३७७०, ३७९०, मग जरा उतार, ३०५०, २७१६, आणि पुन्हा चढ, २७७२, ५९६४. चढ-उताराला कारणे आहेत. संख्येच्या पोटात ६ किंवा २८ यांसारखी परिपूर्ण संख्या शिरून बसली की बेरीज मूळ संख्येहून मोठीच येते. पहिल्या पाच संख्यांना ६ ने भाग जातो, शेवटच्या तिघींना २८ ने. हा चालक सुटला आणि संख्येत २ हा एकच एक सम अवयव उरला, ३ ही नसला, म्हणजे बहुधा उतरण लागते. या २७६ च्या साखळीच्या दोन हजारांहून अधिक पायऱ्या आजवर मोजून झाल्या आहेत. संख्या दोनशेहून अधिक अंकांची झाली आहे. आणि ती पुढे उतरेल की चढतच राहील, हे कोणालाही सांगता येत नाही. एक हजाराच्या आत २७६, ५५२, ५६४, ६६० आणि ९६६ या पाच साखळ्या अशा अनिर्णित आहेत. डी. एच. लेहमर या अमेरिकन गणितज्ञाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. पूर्वी त्या सहा होत्या. पण सहावी, ८४० ची, एकोणपन्नास अंकांची उंची गाठून ७४७ पायऱ्यांनंतर १ वर आली. पाचांवर काम करणाऱ्यांची आशा या सहावीवर उभी आहे.

हे काम कोण करतात? पगारी गणिती नव्हेत. निरनिराळ्या देशांतील हौशी माणसे आपल्या घरच्या संगणकावर, पदरच्या विजेच्या खर्चाने ते करतात. त्यांतील बहुतेकांची एकमेकांशी कधीही गाठ पडत नाही. तरीही कामाला एक शिस्त आहे. एखाद्याने एक साखळी हाती घेतली की तो तसे जाहीर करतो, म्हणजे तेच श्रम दुसऱ्याने करू नयेत. थकला, किंवा प्रपंचात गुंतला, म्हणजे तो ती सोडतो. आणि जो नवा येतो तो शेवटच्या नोंदलेल्या ओळीपासून पुढे चालू लागतो. संख्या फार मोठी होऊन अडली तर चार जण तिचे काम वाटून घेतात, कारण दीडशे-दोनशे अंकी संख्येचे मूळ अवयव शोधणे ही महाकष्टाची गोष्ट आहे. मात्र अवयव एकदा सापडले की ते बरोबर आहेत की नाहीत, हे गुणाकार करून कोणीही थोड्या वेळात पाहू शकतो. शोधणे अवघड, पडताळणे सोपे, ही या कामाची एक विशेष गोष्ट आहे, आणि तिच्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

आता आक्षेप. या श्रमांचा उपयोग काय? जगात भूक आहे, रोग आहेत. आणि ही माणसे आकडे फोडीत बसली आहेत! हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला एक तयार उत्तर असते: मोठ्या संख्या फोडण्याच्या पद्धती गुप्तलेखनाच्या शास्त्रात महत्त्वाच्या आहेत, आणि अशा छंदांतून त्या पारखल्या जातात. हे खरे आहे. पण हे उत्तर प्रामाणिक नाही. जो मनुष्य रात्री जागून २७६ ची पुढची पायरी शोधतो तो गुप्तलेखनासाठी जागत नाही. ज्या हेतूने काम केले नाही त्या हेतूचे श्रेय घेणे बरे नव्हे.

त्याहून खोल आक्षेप तर्काचा आहे. साखळी जर थांबणारी असेल तर मोजता मोजता ते एक दिवस कळेल. पण ती न थांबणारी असेल, तर मोजून ते कधीही सिद्ध होणार नाही. लाख पायऱ्या चढल्या तरी उत्तर एकच, ‘अद्याप नाही’. तो निर्णय लागला तर तो कोणा बुद्धिमंताच्या युक्तिवादाने लागेल, मोजणाऱ्यांच्या कष्टाने नव्हे. आणि रिचर्ड गाय आणि जॉन सेल्फ्रिज यांनी १९७० नंतरच्या दशकात असा उलट कयास बांधला आहे की, सम संख्यांपासून निघणाऱ्या पुष्कळ साखळ्या कधीच थांबत नसाव्यात. म्हणजे हे लोक ज्या दारावर उभे आहेत ते उघडण्याचा संभव आहे. पण ते भिंतीवर काढलेले चित्र असेल तर तसे त्यांना कोणी येऊन सांगणार नाही.

आमच्या या चेन्नई शहराचा, ते मद्रास म्हणून ओळखले जाई त्या काळात, अशा अंकवेड्यांशी निकटचा संबंध आला आहे, आणि त्यांतील एक आपल्या मराठी मुलखातला होता. देवळालीच्या शाळेतील शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली येथील गणित परिषदेत आपला ६१७४ हा स्थिरांक मांडला. चारही अंक सारखे नाहीत अशी चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. आणि हे पुनःपुन्हा करावे. परिषदेचे साल १९४९ हेच घेऊन पाहावे: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. सात पायऱ्यांत आपण मुक्कामी पोहोचतो. आणि सातांहून अधिक पायऱ्या कोणत्याच संख्येला लागत नाहीत. कापरेकरांच्या शोधांना आपल्याकडील अनेक विद्वानांनी त्या काळी खेळ म्हणून बाजूला सारले. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वळले. कापरेकरांच्या खेळाला तळ आहे. भाजकांच्या बेरजेचा खेळही तितकाच साधा. पण त्याच्या तळाचा पत्ता नाही. नियमाच्या साधेपणावरून मुक्कामाचे अंतर ओळखता येत नाही, हे दोन्ही शेजारी ठेवले म्हणजे ध्यानात येते.

या शहराशी जोडलेली दुसरी आठवण कारकुनाची आहे. श्रीनिवास रामानुजन १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात दरमहा तीस रुपयांवर लागले. कोणत्या संख्येला भाजक जास्तीत जास्त, या विषयावरचा त्यांचा प्रबंध १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांना प्रथम वाव देणारे नियतकालिक होते भारतीय गणित परिषदेचे. ती संस्था १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांनी पत्रव्यवहार करून उभी केली. तिचे ग्रंथालय मात्र पुण्यास, रँग्लर परांजपे ज्याचे प्राचार्य होते त्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. मद्रासेचा अधिकारी, पुण्याचे ग्रंथालय आणि मधे टपाल. एकमेकांना न पाहिलेल्या माणसांनी मिळून काम करण्याची कल्पना आपल्याकडे संगणकाबरोबर आलेली नाही.

परंतु रामानुजनांचे नाव घेऊन सामान्य श्रमाचे समर्थन करणे आम्हांला रुचत नाही. ‘कोण जाणे, यातूनच एखादा रामानुजन निघेल’ हे सांत्वन सोडतीच्या तिकिटासारखे आहे. ज्याला बक्षीस लागणार नाही त्याच्या श्रमाचे काय, हाच तर आपला प्रश्न आहे.

काही जण निष्काम कर्माकडे बोट दाखवतील. तेही आम्हांला पुरते लागू वाटत नाही. फळाची इच्छा नसलेला मनुष्य कामाविषयी उदासीन झाला तरी व्यवहारात ते खपून जाते. ‘आपण केले, पुढचे देव जाणे’ म्हणणारे आपण रोज पाहतो. साखळी मोजणाऱ्याला ही मोकळीक नाही. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असते. आठशेव्या पायरीला एक अंक चुकला तर पुढच्या बाराशे पायऱ्या मातीमोल होतात. फळ मिळेल की नाही याविषयी तो निश्चिंत असेल. अचूकपणाविषयी निश्चिंत राहण्याचा अधिकार त्याला नाही. कारण त्याच्यामागून येणारा अनोळखी माणूस त्याच ओळीवर पाय ठेवणार आहे.

येथे आम्हांला उत्तर सापडते असे वाटते. कामाची नैतिक किंमत केवळ त्याच्या शेवटावर ठरत नाही. ते काम आपण कोणत्या अवस्थेत दुसऱ्याच्या हाती देतो, यावरही ती ठरते. आम्ही कचेरीत बसणारी माणसे हे जाणतो. आमच्या टेबलावर येणारी फाइल आमच्या आधी सुरू झालेली असते आणि आमच्या बदलीनंतरही चालू राहते. तिचा निकाल पाहणे बहुधा आमच्या नशिबी नसते. पण आमचा शेरा वाचून पुढच्या माणसाला वाट सापडावी, की त्याला सारे पुन्हा पहिल्यापासून उपसावे लागावे, हे मात्र आमच्या हाती असते. ज्या तक्त्याकडे कोणी पाहत नाही, ज्याची बेरीज कोणी ताळत नाही, तो भरणे हे व्यर्थ काम. आणि ज्याचा शेवट दिसत नाही पण ज्याची प्रत्येक ओळ कोणालाही ताळून पाहता येते, ते केवळ अपूर्ण काम. व्यर्थ आणि अपूर्ण यांत आपण फार वेळा गल्लत करतो, आणि त्या गल्लतीने पुष्कळ माणसे आपल्या आयुष्याला उगाच निष्फळ म्हणून मोकळी होतात.

शोधणे अवघड, पडताळणे सोपे, असे आम्ही वर म्हटले. या एका गुणामुळे अनोळखी माणसे एकमेकांवर भिस्त ठेवू शकतात. ती भिस्त माणसाच्या नावावर, जातीवर किंवा हुद्द्यावर नसते, गुणाकारावर असते. भुकेल्याला अन्न देण्याचे काम याहून मोठे आहे, याविषयी आम्हांला शंका नाही. पण तेही काम एका पिढीत संपणारे नाही; त्याचाही रोजचा जबाब ‘अद्याप नाही’ हाच आहे. ‘अद्याप नाही’ असे खरे लिहून, तारीख घालून, पुढच्याला जागा देणे, ही सवय जेथे लागते ते काम लहान असले तरी क्षुल्लक नव्हे. २७६ ची साखळी संपो वा न संपो. तिची शेवटची नोंदलेली ओळ बरोबर आहे, आणि तेथून पुढे जाण्यास कोणालाही कोणाची परवानगी लागत नाही.