मनूची परवानगी कशाला?

समलिंगी जोडप्यांच्या विवाहाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन्ही बाजूंचे लोक पोथी उघडतात. विरोधकांनी ती उघडावी यात नवल नाही. ज्यांना मनुस्मृतीतल्या शिक्षा हव्या असतात पण नवव्या अध्यायातली नियोगाची चर्चा नको असते, त्यांच्याशी वाद घालण्यात मला रस नाही. जुने ग्रंथ वाचूच नयेत असं म्हणणाऱ्यांशीही नाही. मला अस्वस्थ करतात ते माझ्याच बाजूचे लोक. व्याख्यानात, परिसंवादात, दिवाळी अंकात ते उत्साहाने सांगतात की मनूनेसुद्धा ही गोष्ट फार मनावर घेतली नव्हती, नुसतं स्नान करायला सांगितलं होतं. टाळ्या पडतात. या टाळ्यांची मला खरोखर भीती वाटते.

ज्या श्लोकावर हा सगळा डोलारा उभा आहे तो अकराव्या अध्यायातला. पुरुषाशी संग करणाऱ्या, किंवा बैलगाडीत, पाण्यात वा दिवसाढवळ्या स्त्रीसंग करणाऱ्या द्विजाने नेसत्या वस्त्रांनिशी स्नान करावं, असा त्याचा आशय. तेवढाच वाचला तर मनू उदार वाटेल. पण त्याच अध्यायात थोडं आधी हाच पुरुषसंग जातिभ्रंश करणाऱ्या पातकांमध्ये, मद्याचा वास घेण्याच्या पंगतीला बसवलेला आहे. आठव्या अध्यायात बायकांची पाळी येते. एका कन्येने दुसरीला दूषित केलं तर दोनशे पण दंड, दुप्पट शुल्क आणि दहा फटके. मोठ्या स्त्रीने कन्येला दूषित केलं तर तिचं मुंडन करावं किंवा दोन बोटं छाटावीत, आणि गाढवावरून धिंड काढावी. तिथे खरी चिंता कन्येच्या कौमार्याची आहे, हे मान्य. पण स्नानाचा श्लोक अक्षरशः घ्यायचा आणि बोटांच्या श्लोकाला मात्र संदर्भाची सवलत द्यायची, हे कोणत्या न्यायाने?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते स्नान द्विजाला सांगितलेलं आहे. मनूच्या ग्रंथात शिक्षेचं माप गुन्ह्याइतकंच जातीवर ठरतं. क्षत्रियाने ब्राह्मणाला शिवी दिली तर शंभर पण. ब्राह्मणाने क्षत्रियाला दिली तर पन्नास, वैश्याला पंचवीस, शूद्राला बारा. शूद्राने ब्राह्मणाला दिली तर पैशांवर भागत नाही, देहदंड होतो. अशा ग्रंथातला एखादा सौम्य नियम दाखवून परंपरा उदार होती असं म्हणताना, ती कोणाशी उदार होती हे विचारायला नको का? दीक्षाभूमीच्या शहरात, नागपुरात तरी हा प्रश्न विसरता येऊ नये.

यावर नेहमी एक उत्तर येतं, आणि ते गंभीरपणे घ्यायला हवं. लोक शास्त्र मानतात, म्हणून सुधारणेला शास्त्राचा आधार दिला की ती गळी उतरते. विद्यासागरांनी पराशरस्मृतीचं वचन काढलं आणि 1856 चा विधवाविवाहाचा कायदा झाला. विष्णुशास्त्री पंडितांनी आपल्याकडे हीच वाट धरली. या माणसांचं धैर्य मोठं होतं, त्यात शंका नाही. पण त्या वाटेने काय पदरात पडलं तेही पाहावं. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. ज्या जातींत पाट लावण्याची रीत आधीपासून होती, तिथल्या बायकांना पराशराच्या परवानगीची गरजच नव्हती. तरी मुंबईच्या उच्च न्यायालयाने हे कलम त्यांनाही लावलं. वरच्या जातींच्या शास्त्रात परवानगी शोधता शोधता खालच्या मानलेल्या जातींतल्या बाईची जमीन गेली. परवानगी मागितली की देणाऱ्याच्या अटीही येतात.

आजच्या वादातही तेच दिसतं. जानेवारी 2023 मध्ये ‘ऑर्गनायझर’ आणि ‘पांचजन्य’ला दिलेल्या मुलाखतीत सरसंघचालक मोहन भागवत यांनी जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला दिला. असे लोक समाजात पूर्वीपासून आहेत, त्यांनाही जगण्याचा अधिकार आहे, असा त्याचा रोख होता. सभापर्वातली ती कथा हृद्य आहे: हंस मेल्याची आवई ऐकून डिंभक यमुनेत उडी घेतो आणि ते कळताच हंसही त्याच वाटेने जातो. माझ्या ओळखीच्या पुरोगाम्यांना या मुलाखतीने बरं वाटलं. मार्चमध्ये सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी सांगितलं की विवाह स्त्री आणि पुरुष यांचाच होऊ शकतो. मला या दोन विधानांत विसंगती दिसत नाही. कथेने समाजातली जागा दिली. हक्क देणं हे कथेचं काम नव्हतंच.

मग जुन्या ग्रंथांचा उपयोग काय? माझ्या मते तो उलटतपासणीचा आहे. ग्रंथाकडे परवानगी मागणं आणि ग्रंथाची उलटतपासणी घेणं या दोन गोष्टी आपण सारख्या एकात मिसळतो. ‘वज्रसूची’कडे पाहा. अश्वघोषाच्या नावावर असलेला हा बौद्ध ग्रंथ ब्राह्मणांच्याच शास्त्रांतली वचनं काढतो आणि ब्राह्मण्य जन्मावर ठरतं हा दावा त्या वचनांपुढे कसा टिकत नाही ते दाखवतो. वचन अनुकूल निघालं म्हणून तो मनूचा आभारी होत नाही. याच परंपरेवरच्या ‘वज्रसूची टंक’ या पुस्तकाचं प्रकाशन ऑक्टोबर 2022 मध्ये नागपुरात भागवतांच्याच हस्ते झालं. वर्ण आणि जाती या गोष्टी आता विसरायला हव्यात, असं ते तिथे म्हणाले. वर्णव्यवस्थेचं मूळ रूप चांगलं होतं या समर्थनाचा त्यांनी आधार घेतला नाही, ही चांगली गोष्ट झाली. पण उलटतपासणी घ्यायची तर आधी सगळं आठवावं लागतं.

या फरकाबाबत सर्वांत स्पष्ट होते आंबेडकर. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. शास्त्रांचा खरा अर्थ वेगळाच आहे असं लोकांना सांगत बसण्याचा उपयोग नाही, त्यांचं प्रामाण्यच नाकारलं पाहिजे, हे त्यांनी 1936 च्या ‘जातिनिर्मूलना’त लिहिलं. तरी हिंदू कोड बिलावर बोलताना त्यांनी संसदेत स्मृतींचे आधार दिले. मला त्यात माघार दिसत नाही. धर्म बुडाला म्हणून ओरडणाऱ्यांना ते त्यांचेच ग्रंथ वाचून दाखवत होते. एकही स्मृतिवचन सापडलं नसतं तरी मुलीचा वारसाहक्क आणि बायकोचा घटस्फोटाचा हक्क त्यांनी तसूभरही सोडला नसता. हीच माझी कसोटी आहे. स्नानाचा श्लोक उद्या प्रक्षिप्त ठरला तर आपली मागणी ढिली होणार आहे का? होणार नसेल, तर भाषणाची सुरुवात त्याने करू नये.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा डंख काढला तो समतेच्या आणि प्रतिष्ठेच्या आधारावर. 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच न्यायालयाने विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला आणि हा प्रश्न कायदेमंडळाकडे गेला. आता तो आपल्या खासदारांना विचारायचा आहे. त्यात रुग्णालयात जोडीदाराच्या वतीने कोण सही करणार ते आहे, वारसा आहे, दत्तक मूल आहे. दुरुस्ती करायची आहे ती 1954 च्या विशेष विवाह कायद्यात. तो धर्म न विचारता लग्न लावता यावं म्हणूनच केलेला आहे.