उरलेल्या तुकड्यांचा हिशेब

पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा चमत्कार चारही शुभवर्तमानकारांनी नोंदविला आहे. बारा टोपल्या भरून तुकडे उरले, हेही चौघे सांगतात. मात्र ते तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका, अशी आज्ञा प्रभू येशूच्या मुखातून ऐकविणारा एकटा संत योहान आहे. ज्याने क्षणापूर्वी पाच हजार पुरुषांना पोटभर जेवू घातले, त्याला चतकोर तुकड्यांची काय पडली होती, असा प्रश्न सहज मनात येतो. या आज्ञेवर पुष्कळ प्रवचने झाली आहेत. मला तिच्यात एक साधी गोष्ट जाणवते. जे उरले ते टाकाऊ, असे प्रभूने गृहीत धरलेले नाही. त्याने ते आधी एकत्र करावयास सांगितले. पुढे त्या टोपल्यांचे काय झाले, हे शुभवर्तमान सांगत नाही.

हा विचार मनात येण्याचे निमित्त अगदीच व्यावहारिक आहे: घरच्या चित्रफितींची सुरक्षित प्रत काढणारे सॉफ्टवेअर संगणकावरून काढून टाकल्यावर मागे राहणाऱ्या फाइली. विषय यंत्राचा दिसतो. पण त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. आपल्या कामातून नकळत जे मागे उरले, त्याची जबाबदारी आपली की नाही?

आधी हे अवशेष निर्माण कसे होतात ते पाहू. १९८० आणि १९९० च्या दशकांतील लग्नाच्या, पहिल्या कम्युनियनच्या, सोन्याच्या जुबिलीच्या व्हीएचएस फिती आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहेत. आपल्या दमट हवेत त्यांच्यावर बुरशी चढते. २०१६ साली जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनविणे थांबविले, तेव्हा या यंत्राचा जगातील शेवटचा ज्ञात उत्पादकही बाजूला झाला. म्हणून शहाणी माणसे फीत संगणकात उतरवून घेतात. डीव्ही पद्धतीने उतरविली तर तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे तीन तासांच्या फितीला जवळजवळ ४०. मग सॉफ्टवेअर तिला दाबून दाबून ४.७ गिगाबाइटच्या डीव्हीडीत बसविते. हे करताना ते चित्र वेगळे काढते, आवाज वेगळा काढते, दोन्हींच्या मधल्या प्रती एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेविते आणि काम तडीस गेले की त्या पुसते. तडीस गेले तर! मध्येच वीज गेली, संगणक अडला, कुणी घाईने बटण दाबले, की मधल्या प्रती जिथल्या तिथे राहतात. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर नव्या उमेदीने पहिल्यापासून सुरुवात करते. कालचे अर्धे काम त्याच्या लेखी घडलेलेच नसते.

पुढे ते सॉफ्टवेअर नको झाले म्हणून आपण रीतसर काढून टाकतो आणि सुटलो असे समजतो. काढून टाकणारी आज्ञावली स्थापनेच्या वेळी आपण काय काय आणून ठेविले, याची यादी बाळगून असते आणि त्या यादीबरहुकूम उचलून नेते. कामाच्या ओघात जे निर्माण झाले ते त्या यादीत सहसा नसते. हा तिचा निष्काळजीपणा आहे असे प्रथम वाटते. विचार करता मात्र यात एक मर्यादा पाळलेली दिसते. ती ४० गिगाबाइटची फाइल कचरा आहे की एखाद्याच्या आईची शेवटची छबी, हे त्या आज्ञावलीला कळण्याचा मार्गच नाही. ते ठरविण्याचा अधिकार तिने मालकाकडे ठेविला आहे. आपण तो अधिकार वापरत नाही, इतकेच.

वापरत नाही याचे कारण ते अवशेष डोळ्यांना दिसत नाहीत. विंडोजमध्ये ते बहुधा वापरकर्त्याच्या ॲपडेटा या फोल्डरच्या पोटात, टेम्प नावाच्या कोनाड्यात असतात, आणि ॲपडेटा मुळातच लपविलेला असतो. मॅकवर सॉफ्टवेअर ओढून कचरापेटीत टाकले तरी त्याचा संसार लायब्ररी फोल्डरमध्ये शाबूत राहतो. तोही २०११ पासून नजरेआड ठेविलेला आहे. शोध घेण्याची रीत अवघड नाही. लपविलेले फोल्डर दाखविण्याची खूण करावी, आकाराची अट घालून सर्वांत मोठ्या फाइली वर आणाव्यात आणि त्यांच्या तारखा पाहाव्यात. ज्या दिवशी फीत उतरविली त्या दिवसाची तारीख बोलकी असते. त्याहून बरे म्हणजे सॉफ्टवेअर काढण्यापूर्वीच त्याच्या सेटिंगमध्ये तात्पुरत्या फाइलींचा पत्ता वाचून ठेवावा. ते गेल्यावर पत्ता सांगणारा कुणी उरत नाही.

आता प्रश्नाकडे वळू. नैतिक धर्मशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार मानते: टाळता न येणारे आणि टाळता येण्याजोगे. पहिल्याचा दोष माणसाला लागत नाही. दुसऱ्याविषयी १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथ स्पष्ट आहे: सत्य आणि हित जाणून घेण्याची ज्याने फारशी फिकीर केली नाही, त्याच्या अज्ञानाचा भार त्याच्यावरच येतो. संगणकात अवशेष राहतात हे ज्याला कुणी कधी सांगितलेच नाही, त्याला बोल लावता येणार नाही. परंतु पैसे घेऊन लोकांच्या फिती उतरवून देणाऱ्याने तोच बचाव केला तर तो मान्य करता येईल काय? त्याच्या यंत्रात गावातील साठ घरांची लग्ने पडून असतात. त्यांत हसणारे आहेत, भांडणारे आहेत, दारूच्या भरात नको ते बोललेले आहेत. फीत परत दिली, डीव्हीडी दिली, पैसे घेतले, व्यवहार चोख. आणि एक दिवस तोच संगणक जुन्या सामानाच्या बाजारात विकला जातो.

भारतात २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. ज्या हेतूने माहिती घेतली तो संपला की ती पुसावी, हे तत्त्व त्यात आहे. पण एखादी व्यक्ती केवळ खाजगी किंवा घरगुती कारणासाठी जे करते ते या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेविलेले आहे. ते योग्यच झाले. सरकारने आपल्या कपाटात डोकावू नये. मात्र कायदा उंबरठ्याशी थांबला म्हणजे कर्तव्यही तिथेच थांबले, असा अर्थ आपण फार लवकर काढतो. शेजाऱ्याकडून चित्रपटाची डीव्हीडी आणली, प्रत करता करता यंत्र अडले, डीव्हीडी सचोटीने परत केली. पण अख्खा चित्रपट टेम्प फोल्डरमध्ये बसून आहे. ती प्रत कायदेशीर होती का, हा वाद वेगळा. परत केले, हे वाक्य तेवढे अर्धेच खरे आहे.

येथे संत थॉमस अक्वायनसची आठवण होते. सुम्मा थिऑलॉजिए या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात त्याने असा प्रश्न घेतला आहे, की अपराधाची क्षमा झाली म्हणजे पापाचे सारे अवशेषही नाहीसे होतात काय? त्याचे उत्तर सावध आहे. कधी देव माणसाला एका क्षणात पूर्ण बरे करितो, जशी पेत्राची सासू तापातून उठून लगेच सेवा करू लागली. कधी क्षमा आधी होते आणि अवशेष हळूहळू जातात, जसे बेथसैदाच्या आंधळ्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसे झाडांसारखी दिसली. ही तुलना फार ताणू नये. संगणकाला आत्मा नाही आणि फाइल म्हणजे पाप नव्हे. तरी डिलीटचे बटण दाबताना ती आठवावी. साध्या हार्ड डिस्कवर पुसलेल्या फाइलीची फक्त नोंद जाते. मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो आणि जाणकाराला तो परत काढता येतो. नव्या एसएसडीत ती शक्यता पुष्कळ कमी झाली आहे. पण जुन्या सामानाच्या बाजारात जुनीच यंत्रे जातात. दुसऱ्याचे चेहरे ज्यात आहेत अशी डिस्क हातावेगळी करण्यापूर्वी ती पूर्णपणे नव्याने लिहून काढणे, किंवा सरळ फोडणे, एवढा त्रास घेतला पाहिजे.

हे सगळे ऐकून कुणी तावातावाने झाडू हाती घेईल, अशीही मला भीती वाटते. एका क्लिकमध्ये सारा कचरा साफ करण्याचे आश्वासन देणारी सॉफ्टवेअरे पुष्कळ आहेत. शेतातील निदण उपटायला निघालेल्या चाकरांना धन्याने का थांबविले, ते आपल्याला ठाऊक आहे. आमच्याकडे तर निदण आणि गहू यांची अदलाबदलही झालेली असू शकते. जरा हिशेब पाहा: कपाटात जपून ठेविलेली डीव्हीडी ४.७ गिगाबाइटची, दाबलेली, कदाचित कापलेली. आणि टेम्पमध्ये विसरलेली फाइल ४० गिगाबाइटची, मूळ फितीच्या सर्वांत जवळची. मधल्या काळात फितीला बुरशी लागली असेल, डीव्हीडीवर ओरखडे पडले असतील, तर अवशेष हीच एकमेव मूळ प्रत.

शिवाय संपादकाच्या कात्रीतून सुटलेले तिथेच सापडण्याचा संभव असतो. मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाच्या वेळी उंबराचे पाणी आणण्याचा विधी होतो. डीव्हीडी तयार करणाऱ्याला तो लांबलचक वाटला तर तो दोन मिनिटांत उरकतो. मूळ नोंदीत मात्र बायका विहिरीपर्यंत चालत जातात, गाणी म्हणतात, मध्येच एकीचे गाणे अडते आणि दुसरी उचलून धरते. त्यांतील कितीजणी आता हयात नसतील. ओळीत चौथी कोण, हिरव्या लुगड्यातली कोण, हे सांगू शकेल अशी एखादी मावशी वाडीत अजून असेल, तर फाइल पुसावी की ठेवावी हे ठरविण्यापूर्वी तिला खुर्ची देऊन संगणकासमोर बसवावे आणि वही-पेन जवळ ठेवावे. तीन तासांची नोंद पाहायला तीन तास लागतात. मावशी नावे सांगू लागली तर अधिकही.