कुणी पाहत नाही तेव्हा

गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांच्या गाडीतून मुंबईहून पुण्याला जाण्याचा योग आला. द्रुतगती मार्गावर आमचे स्नेही मोठ्या झोकात गाडी हाकीत होते. पण रस्त्यावर कॅमेऱ्यांची कमान दिसली, की त्यांचा पाय आपोआप वर येई, गाडी एकदम सालस होई आणि कमान मागे पडताच पुन्हा वारा प्यायल्यासारखी धावू लागे. मागे बसलेल्या त्यांच्या सात वर्षांच्या नातीने विचारले, "आजोबा, तुम्ही इथंच हळू का जाता?"

"वर कॅमेरा आहे ना, बाळ. तो फोटो काढतो. मग दंड भरावा लागतो."

ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मग जिथं कॅमेरा नाही, तिथं गाडी आपटली तर लागत नाही का?"

आजोबा हसले, मीही हसलो; पण तो प्रश्न काही माझी पाठ सोडीना.

या यंत्राच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. मॉरिस गॅट्सोनिडेस नावाचे एक डच गृहस्थ मोटारशर्यतीतले नामांकित चालक होते. 1953 साली माँटे कार्लोची शर्यत त्यांनी जिंकली. वळणावर आपला वेग नेमका किती असतो हे कळावे, म्हणजे तो आणखी वाढवता येईल, या हेतूने त्यांनी वेग मोजण्याचे साधन तयार केले. वेग वाढविण्यासाठी जन्मलेले ते साधन पुढे वेगाला लगाम घालण्याच्या कामी लागले!

पण लगाम खरोखरच बसतो का? की हा केवळ सरकारी तिजोरी भरण्याचा उद्योग आहे? 2010 साली निरनिराळ्या देशांतील 35 अभ्यास एकत्र तपासण्यात आले. कॅमेऱ्यांच्या आसपास प्राणघातक आणि गंभीर अपघात 11 ते 44 टक्क्यांनी घटल्याचे त्यांत आढळले. यातले सगळेच श्रेय कॅमेऱ्याला देता येत नाही. जिथे एखाद्या वर्षी फार अपघात झाले तिथेच कॅमेरा बसतो, आणि पुढच्या वर्षी तो आकडा थोडाफार आपोआपही उतरतो. ही वजाबाकी करूनही काही शिल्लक उरते, हे मात्र मान्य केले पाहिजे. ब्रिटनमधल्या कॅमेऱ्यांविषयी 2017 साली झालेल्या एका अभ्यासाने तर माझ्या स्नेह्यांचेच चित्र काढले आहे. कॅमेऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत अपघात कमी झाले. दीड किलोमीटरच्या पुढे मात्र ते उलट वाढू लागल्याची चिन्हे दिसली.

यावर एक तोड निघाली आहे. एका ठिकाणचा वेग न पाहता दोन ठिकाणांमधल्या साऱ्या अंतराचा सरासरी वेग मोजायचा. स्कॉटलंडमधल्या ए-9 या लांबलचक रस्त्यावर 2014 साली असे कॅमेरे बसले आणि तिथली प्राणहानी घटली. तिथे कमानीपुरते सज्जन होऊन भागत नाही. रस्ताभर सज्जन राहावे लागते.

गुरूने शिष्यांना फळ देऊन "कुणी पाहत नसेल तिथे खा" म्हणून सांगितल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. एकच शिष्य फळ तसेच घेऊन परतला. कुणी पाहत नाही अशी जागा त्याला सापडलीच नाही. त्या शिष्याला कॅमेऱ्याची गरज नव्हती. बाकीच्यांना होती, आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर आपण बहुतेक सारे त्या बाकीच्यांतच मोडतो.

मग भीतीपोटी पाळलेला नियम हा सदाचार म्हणायचा का? मला वाटते, नाही. पण रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला चालकाच्या हेतूशी काय कर्तव्य? गाडी वेळेवर थांबली, एवढेच तिला पुरे. 2022 साली आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, आणि सरकारी नोंदीप्रमाणे त्यांतली दहापैकी सात अतिवेगापायी. माणसे आतून सुधारेपर्यंत एवढे बळी द्यायचे, हे कुठले नीतिशास्त्र? तेव्हा कॅमेरा हवाच. मात्र तो लावणाऱ्यालाही एक धर्म आहे. जिथे जीव जातात तिथे तो लावावा, दंड सहज जमतो तिथे नव्हे. कॅमेऱ्याचे यश जमलेल्या दंडावर मोजू नये. ज्याची कमाई वर्षानुवर्षे वाढतच राहते, तो कॅमेरा नापास झाला असेच समजावे.

भाऊबीज आटोपून आम्ही त्याच गाडीने परत निघालो. कमान मागे पडली, तरी गाडीचा वेग वाढेना. नातीच्या ते लक्षात आले. "आजोबा, इथं कॅमेरा नाही!" ती म्हणाली.

आरशात मागे पाहत आजोबा म्हणाले, "आहे की. मागच्या बाकावर बसलाय."